पंधरा ऑक्टोबरपर्यंत

वहीच्या पहिल्या पानावर मी लिहिलं :
साडेआठ हजार लारी, वर एक छदाम नाही.
खाली तारीख, दोनदा अधोरेखित.
पंधरा ऑक्टोबरला आई इस्पितळातून सुटणार होती,
नवा खुबा घेऊन.

सहा आठवडे पाय उचलायचा नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या.
आणि आमच्या बाथरूमला वीतभर उंच उंबरठा,
आत तो ओतीव लोखंडाचा टब
ज्यात वडिलांनी एकदा नववर्षाचा मासा
तीन दिवस जिवंत ठेवला होता.
चौथ्या दिवशी कुणाला तो कापवेना.

घर पाहावं बांधून, असं म्हणतात.
राहतं घर फोडून पाहणाऱ्यांसाठी म्हण नाही.
त्यांना ती रचायला वेळ मिळाला नसेल.

गोदेर्दझी मिस्त्रीने टेप न लावताच भिंतीकडे बघितलं.
बारा दिवस, म्हणाला.
मी वीस लिहिले.
सामान तीन हजारांचं, म्हणाला.
मी साडेतीन लिहिले, आणि शेवटी एक ओळ :
अडीनडीला, आठशे.
किती शहाणी मी.

टब दारातून निघेना. घणाने फोडला.
खालचा पाइप गंजून इतका पातळ झालेला
की गोदेर्दझीने बोट लावलं आणि बोट आत गेलं.
आम्ही दोघं त्या भोकाकडे बघत राहिलो.
अडीनडीचे आठशे तिथूनच वाहून गेले,
आवाजसुद्धा झाला नाही.

आणि लिफ्ट!
ग्लदानीतला नववा मजला,
वर जायचं तर दर खेपेला वीस तेत्रीचं नाणं.
हे कुठल्या अंदाजपत्रकात असतं?
दोन पोत्यांवर तिसरं ठेवलं की पाचव्यावर रुसून बसते.
सिमेंट, वाळू, पुन्हा सिमेंट,
वहीत वीस, वीस, वीस, वीस
शेजारच्या नुग्झारने सुट्ट्या नाण्यांची बरणी आणून दिली.
सावकाश दे, म्हणाला.
तीही उधारी मांडली.

सप्टेंबर संपता संपता मिस्त्री गायब.
फोन उचलला तो काखेतीत, मागे बायकांचं हसणं.
द्राक्षं थांबत नाहीत, म्हणाला,
तुझ्या टाइल्स थांबतील.
खरंच होतं ते. टाइल्स थांबल्याच होत्या,
खुर्च्यांवर, पलंगाखाली, आईच्या उशीपाशी.
मी इझाकडे अंघोळीला जायची, दोन थांबे पलीकडे,
ओले केस टोपीत कोंबून रात्रीच्या बसने परत.

आठ दिवसांनी आला, हात मनगटापर्यंत जांभळे,
पाच लिटर नवी वाइन पुढे केली.
जमेच्या बाजूला लिहिली खरी,
समोर आकडा काय टाकायचा कळेना.

निळ्या टाइल्सवर तोवर काट मारली होती.
लिलोच्या बाजारातल्या उरल्यासुरल्या आणल्या, पांढऱ्या.
पांढरा एकच रंग असतो असं मला वाटायचं.
आमच्या भिंतीवर तीन आहेत.
पण हाताला धरायचा दांडा जर्मन घेतला.
तिथे घासाघीस केली नाही.

चौदाच्या रात्री सांधे ओलेच.
मी पुठ्ठ्याने वारा घालत बसले,
एवढ्या मोठ्या बाईने, जमिनीवर.
सकाळी इस्पितळातून फोन :
कागद झालेले नाहीत, सतराला या.
दफ्तरदिरंगाईच्या पाया पडावंसं वाटलं.

सतराला आई आली, वॉकर ढकलत,
बाथरूमच्या दारात थांबली
आणि सवयीने पाय उचलला,
जे आता तिथे नव्हतं ते ओलांडायला.
"अगं, नको!" मी ओरडले.
तिने पाय हळूच खाली टेकला.
थोडा वेळ फरशीकडे बघितलं.

"कुठे गेला?"
"फोडला."
"फोडायचे किती घेतले?"
मी दीडशे लारी कमी सांगितले.
वहीत नसलेला एवढा एकच आकडा.

तरी म्हणाली, महाग.
नुसतं काढून टाकायचे
एवढे?