तिऱ्हाईत

मुसफ्फाच्या सदतीस नंबर गल्लीत
टायरच्या दुकानावर माझं टेबल.
सीमेपार निघालेल्या प्रत्येक ट्रकमागे
एक मुलकिया, एक केशरी कार्ड,
दायित्वाच्या विम्याच्या तीन प्रती.
तिसरी प्रत सीमेवरच्या खिडकीत पोचली नाही
तर चाळीस टनांचा ट्रक म्हणजे
वाळूत उभं करून ठेवलेलं कपाट.

पहिला पक्ष आम्ही,
दुसरा विमा कंपनी.
तिसऱ्याला रकाना नाही.
तो कोण, ते अजून ठरायचंय:
बतहाच्या पुढे कुठेतरी, पहाटेच्या अंधारात
चपला हातात घेऊन रस्ता ओलांडणारा मेंढपाळ,
पिकअपच्या मागे झोपलेलं पोर,
किंवा कुणीच नाही, नुसता एक कठडा.
मी मनातल्या मनात त्याला तिऱ्हाईत म्हणते.
दरवर्षी त्याचे पैसे भरते.
त्याला हे ठाऊक नाही.
ठाऊक व्हायची वेळ न येवो.

गुरुवारी रात्री मीरवाइजचा फोन, घुवेफातच्या रांगेतून.
मागे रियाधच्या कुठल्याशा हॉटेलसाठी
बाथरूमच्या फरशा, चौदाशे खोकी.
"बाजी, खिडकीवाला म्हणतो
ही गाडी कागदात नाहीच."

नंबर मीच भरला होता,
रिफअतसाहेबांच्या हस्ताक्षरातून.
ते अजून हाताने लिहितात, आणि त्यांचा पाच
वाटोळा असतो, आतून पोकळ,
थेट आपल्या शून्यासारखा.
नऊ वर्षं झाली मला इथे.
तरी संध्याकाळी सव्वासातला, डोळे चुरचुरत असताना
माझ्याआधी आरवलीची मराठी शाळा पुढे झाली
आणि मोठ्यानं वाचून गेली: शून्य.

त्या शून्याची गाडी जगात कुठेच नाही
आणि मीरवाइज तिच्यात बसलाय.

दुरुस्तीचा अर्ज लगेच टाकला.
पण शुक्रवारी त्यांची खिडकी बंद,
शनिवारी दोघांची,
रविवारी आमचं ऑफिस.
फरशा नासत नाहीत, एवढंच काय ते.
तो निरोप पाठवत राहिला, आवाजातले:
पाणी आठ रिकाम्या डब्यांपलीकडे मिळतं,
शेजारचा सीरियन चहात वेलची घालतो,
केबिनमध्ये झोपलो तर घाम,
खाली झोपलो तर माश्या.
रागावला एकदाही नाही.
रागावला असता तर मला जेवण गेलं असतं.

शनिवारी मध्यरात्री:
"बाजी, सगळे या कागदासाठी भांडतात.
यात माझं काय आहे?"

मी पॉलिसी उघडली. बारीक अक्षर, सातवं पान.
मेंढपाळाची सोय आहे.
पोराची आहे.
कठड्याचीसुद्धा आहे, मीटरच्या हिशोबानं.
चालक हा शब्द एकदाच येतो,
'वगळून'च्या शेजारी.

म्हटलं, तुमचा वेगळा असतो, कंपनी काढते.
काढते का, हे त्यानं विचारलं नाही.
काढत नाही, हे मी सांगितलं नाही.
थोडा वेळ दोन्हीकडून
फक्त इंजिनांचा आवाज येत होता.

सोमवारी दहा वाजून चाळीस मिनिटांनी शिक्का पडला.
त्यानं काचेला लावलेल्या कार्डाचा फोटो धाडला.
मी बोटांनी मोठा करून बघितला.
पाच. पाचच.
कोपऱ्यात त्याचा अंगठाही आला होता,
नखाखाली ग्रीस.

दुपारी एक कोरा फॉर्म काढला, वैयक्तिक अपघाताचा.
नाव: मीरवाइज. गाव: दीर.
हप्ता माझ्या फोनच्या बिलाहून थोडा जास्त.
रिफअतसाहेब म्हणाले, ठेव, बघू,
म्हणजे बघणार नाहीत.
म्हणून भरणाऱ्याच्या जागी माझं नाव घातलं,
आणि पुढच्याच ओळीत पेन अडलं:
विमाधारकाशी नातं.

इतक्यात खाली काहीतरी फुटलं.
आम्ही सगळे खिडकीशी धावलो.
टायर होता, नुसता टायर.
दुकानातला पोऱ्या कानांवर हात ठेवून
हसत उभा होता.