तिसऱ्या खांबापाशी

वाल्पाराइसोच्या टेकडीवर माझी तिकिटाची खिडकी.
खाली बंदर, वर रंगीत पत्र्यांची घरं,
मध्ये रूळ, आणि रुळांवर दोन लाकडी डबे
एकाच दोराला बांधलेले :
एक उतरतो तेव्हाच दुसरा चढतो.
एकतीस वर्षं मी सुटे पैसे मोजतोय.
यंत्रातलं मला एवढंच कळतं
की त्याचा आवाज बदलला
तर माझ्या पोटात गोळा येतो.

त्या हिवाळ्यात डबा तिसऱ्या खांबापाशी अडायचा.
रोज नव्हे. धुकं असलं की.
मेकॅनिक आला, म्हणाला, चाकं ठणठणीत, वीज बघा.
विजेचा आला, म्हणाला, मोटर झकास, प्रोग्राम बघा.
सान्तियागोहून लॅपटॉपवाला आला, बूट फार स्वच्छ,
म्हणाला, प्रोग्राम बरोबर आहे, चाकं बघा.
आणि डब्यात सेन्योरा ओर्तेन्सिया
मांडीवर अंड्यांचा ट्रे घेऊन
पाऊण तास.

डबे पुसायला यास्ना यायची, एर्मोखेनेसची नात.
हातात फडकं, कमरेला आजोबांचा पाना.
खांबावर चढली, उतरली, म्हणाली,
खारं धुकं सेन्सरच्या डोळ्यावर बसतं,
सेन्सरची पट्टी सैल, डबा आला की तीही थरथरते,
आणि प्रोग्राम असा उतावळा, की क्षणभर वाट बघत नाही.
म्हणजे तिघंही चुकले? मी विचारलं.
नाही, तिघंही थोडेथोडे बरोबर, ती म्हणाली,
पण तिघं एका दिवशी आलेच नाहीत.

विद्यापीठात तिच्यासोबत मी गेलो.
आयुष्यात पहिल्यांदा खिडकीच्या या बाजूला उभा होतो.
मेकॅट्रॉनिक्स? आतली बाई म्हणाली, ते नाही इथे.
मेकॅनिकल पहिल्या मजल्यावर,
इलेक्ट्रिकल समोरच्या इमारतीत,
कॉम्प्युटर पलीकडच्या टेकडीवर.
फीचा आकडा तिनं कागदावर लिहून सरकवला,
मोठ्यानं बोलली नाही. भली बाई.

मग यास्नानं वळसा घेतला.
रात्रीची तंत्रशाळा, अडीच वर्षं, ऑटोमेशन.
दिवसा मासळीच्या कारखान्यात पट्ट्यावरची यंत्रं;
माझ्या खिडकीशी यायची तेव्हा
केसांना सार्डिनचा वास आणि बोटांना ग्रीस.
मग मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला थेट प्रवेश.
एकोणीस विषय दाखवले, अकरा मानले,
उरलेले आठ पुन्हा, वयानं लहान पोरांच्या बाकावर.
कंट्रोल सिस्टिम्सला समोरच्या इमारतीत जाऊन बसायची,
हजेरीपटावर नाव नसताना.
गणितात दोनदा नापास.
तिसऱ्या परीक्षेची तारीख तिनं मला सांगितलीच नाही.

सात वर्षं लागली. सरळ गेलेल्यांना सहा.
मी म्हटलं, एकच तर जास्त.
ती म्हणाली, डॉन लाउतारो,
हे तुम्ही रात्री दोनच्या बसमध्ये बसून म्हणा.

पदवी तिनं माझ्या काचेला टेकवून धरली.
चष्मा पुसून मी दोनदा वाचलं.
मेकॅनिकल, असं लिहिलं होतं.
तो दुसरा शब्द कुठेच नव्हता.
शोधू नका, ती म्हणाली, मीही शोधला.

आज पहाटे बंदर दिसत नव्हतं इतकं धुकं.
डबा तिसऱ्या खांबापाशी आला, मंदावला,
जुनं काही आठवल्यासारखा,
मी श्वास धरला,
आणि तो वर गेला.
समोरच्या माणसाला मी पन्नासऐवजी पाचशे परत दिले.
तोही काही बोलला नाही.