डाव्या पायाचा बूट

सुरतेला जायचं होतं.
आधी किल्ला, मग समुद्र, मग कोकिळाताईकडे जेवण,
भूषणनं कागदावर लिहून काढलेलं, वेळांसकट.
चोपड्याहून निघालो तेव्हा अंधार होता.
शिरपूर यायच्या आत जुईनं दोनदा ओकलं,
तिचं बघून तनिषनं एकदा.
रस्त्याकडेच्या हापशावर मी दोन्ही फ्रॉक आणि एक चड्डी धुतली,
आणि भूषण म्हणाला, समुद्र काय पळून जातोय?
त्यानं गाडी डावीकडे वळवली, थाळनेरला.

तापीच आहे, मी मुलांना सांगितलं,
हीच पुढे सुरतेला जाते.
आपण थोडं अलीकडे उतरलो, एवढंच.

घुमटांच्या सावलीत मी मऊ भात काढला.
इथे राजे झोपलेत, भूषण म्हणाला,
आणि जुईनं ओठांवर बोट ठेवलं.
मग पूर्ण वेळ ती कुजबुजत राहिली,
राजा, भात. राजा, कावळा.
स्वतःच्याच शिंकेनं दचकली
आणि कबरीकडे बघून म्हणाली, सॉली.
तनिषनं नक्षीवरून जीभ फिरवली.
मी धावले तोवर चाटून झालं होतं,
पाच-सहाशे वर्षांचं ऊन-धूळ घेतलेला दगड.
कसा लागला रे?
तिखट नाही, म्हणाला.

कधीकाळी सुरतेचा माल बऱ्हाणपूरला
याच वाटेनं जायचा म्हणे,
बैल, तंबू, हिशेबाच्या वह्या.
आम्ही उलट्या दिशेनं निघालेलो,
दोन पिशव्या डायपर, एक प्लास्टिकचा हत्ती,
केळीचे वेफर्स, ते सीटखाली सांडलेले.

किल्ल्याचं जे काही उरलंय
ते नदीच्या काठाला टेकून आहे,
माती कुठली आणि बुरूज कुठला, कळत नाही.
शेळ्यांमागून आलेले एक बाबा थांबले,
पोरेस्ले धरी ठेवा माय, खाले धस शे.
मी धरलं. दोघांना धरलं.
बुटाला कोण धरणार?

जुईच्या डाव्या पायाचा, निळा, पाच नंबरचा,
टाच आपटली की चूं वाजणारा.
उतारावरून आधी घरंगळला, मग उडाला,
मग पाण्यावर बसला
बदकाच्या पिलासारखा.
आम्ही चौघं आणि बाबा आणि दोन शेळ्या
बघत राहिलो.
तो पश्चिमेकडेच निघाला.
जुई रडली नाही. तिनं टाटा केला.
माझा पाय सुलतेला चालला, म्हणाली.

संध्याकाळी कोकिळाताईला फोन लावला.
ती उधन्यात साड्यांना खडे चिकटवते,
वीस वर्षांत समुद्र तीनदा बघितलाय,
त्यातला एकदा पाहुण्यांसाठी.
तिनं जेवण केलेलं, पुरणाचा वास फोनमधून यावा
इतका वेळ ती गप्प होती.
मग जुईनं फोन हिसकला:
मावशी, बूत आला?

तेव्हापासून रोज विचारते.
मावशीही पक्की. कधी म्हणते,
सुलवाड्याला दारं बंद आहेत ना, थांबलाय.
कधी सारंगखेड्याला घोडे बघतोय.
प्रकाशाला त्यानं अंघोळ केली.
परवा म्हणाली, उकाईत अडकला गं,
तिथं पाणी फार, त्याला रस्ता सापडेना.
हे सांगताना तिचा आवाज जरा वेगळा झाला,
मी काही विचारलं नाही.

मुलांचे पाय आता सहा नंबरला आले.
उजवा बूट मी टाकलेला नाही,
फ्रिजवर आहे, चाव्या ठेवते त्यात.
कधी घाईत हात लागून खाली पडतो,
चूं वाजतो,
आणि दोघं हातातलं टाकून
दाराकडे धावतात.