शर्ती, असल्यास

काझीसाब, जरा थांबा.
त्या रकान्यावर आडवी रेघ मारू नका.
पेन माझ्याकडंही आहे.

उदगीरच्या कोर्टासमोर, लिंबाखाली,
सव्वीस वर्षं टायपिंग केलंय मी.
पोटगीचे अर्ज, खुलाचे मसुदे,
'अर्जदार ही गैरअर्जदाराची लग्नाची बायको असून...'
इतक्यांदा, की मशीनचा 'ब' झिजला;
बायको तेवढी पुसट उमटायची.

हे असले नमुने ओळखीचे आहेत माझ्या.
महरचा रकाना, साक्षीदारांचे दोन,
एक वकिलाचा, हा वकील फी घेत नाही,
आणि अगदी तळाशी: शर्ती, असल्यास.
असल्यास.

माझ्या आजीची धाकटी बहीण रसूलबी.
महर पाचशे पंचवीस, हाली सिक्का.
निजाम गेला, हाली गेला,
सात हालीचे सहा कलदार झाले,
तिचे तेही झाले नाहीत.
नवऱ्याचा जनाजा उचलायच्या आधी
चौघींनी तिला धरून आणलं,
"माफ किया बोल, मय्यत पे बोझ नक्को."
बोलली.
पुढं कुणी छेडलं तर म्हणायची,
"मेरेकू गिनती आतीच कहाँ थी."
येत होती.
अंडी ती डोळे मिटून शेकड्यानं मोजायची.

उज्मा आत बसलीय. बी. फार्मसी, शेवटचं वर्ष.
मुलगा चांगलाय, मीही मानते.
लिंबाखाली येणारी प्रत्येक जण
चांगल्याच मुलापासून सुरुवात करते.

तर लिहा.
महर आजच, तिच्या हातात, सोन्यात,
आणि वजन लिहा; सिक्के बदलतात.
त्यानं दुसरा निकाह केला
तर तलाकचा इख्तियार तिला. तफवीज.
हा शब्द मी कोर्टातून आणलेला नाही,
तुमच्याच कपाटातल्या किताबात आहे,
पान नंबर या चिठ्ठीवर.

मागं कुणीतरी डेगीचं झाकण आपटतं.
मुलाचा मामा घड्याळ बघतो,
"शगुनाच्या वक्ताला हे काय काढलं बाईनं?"
मुलगा मान वर करतो. विचारतो,
"तफवीज म्हणजे काय?"

मांडवात कुणालाच सांगता येत नाही.
मग पडद्याआडून उज्मा सांगते,
तोंडी परीक्षेत औषधाचं प्रमाण सांगावं तशी,
न अडखळता, एका दमात.

काझीसाब चष्मा पुसतात.
"रकाना छोटा है, बीबी."

कागद उलटा करा.
मागची बाजू कोरी आहे.