बाराव्या वाफ्याची मोहरी

अंबडच्या मागे, नासर्डीला मिळायच्या आधी
नाल्याचं पाणी सोमवारी पिवळं असतं
आणि गुरुवारी हिरवट,
तिथे खैरनार मॅडमनी बारा वाफे पाडले.
मी सुतळी धरली.
एकोणीस वर्षं मी नळाच्या तोट्या हुकाला टांगून
क्रोमच्या टाकीत बुडवल्या.
वर काढल्या की त्यांच्यात तोंड दिसायचं,
लांबट, चकचकीत,
दुसऱ्याच कुणाचं तरी.

माझ्या नाकाच्या पडद्याला भोक आहे.
डॉक्टरने काडी आरपार घालून विचारलं, दुखतं?
नाही.
वास तेवढा गेला.
कोथिंबीर आता फक्त हिरवी आहे.

मोहरी साधीच, फोडणीतली,
भद्रकालीतून आणलेली पावशेर.
पौषात गुडघ्याएवढी झाली.
मॅडम बांधावर बसून सांगत होत्या,
मूळ भोळं असतं,
जस्ताच्या नावावर कॅडमियम आलं तरी दार उघडतं.
मग आत कळतं.
मग गंधकाचे हात पुढे होतात,
त्याला धरतात, आवळतात,
पेशीच्या पोटात एक पाण्याची खोली असते
तिथे नेऊन कोंडतात.
बाहेरून कडी.
पान हिरवंच राहतं.

मी विचारलं, माणसात असते का अशी खोली?
मॅडम जरा वेळ पिशवीत काहीतरी शोधत राहिल्या.
थोडी असते, म्हणाल्या. मूत्रपिंडात.
पण ती भरते.

त्याच आठवड्यात बारावा वाफा कापलेला सापडला.
गुरांनी खाल्लेला नव्हे,
विळ्याने, बुडाशी, एका रेषेत,
सवयीच्या हाताने.
‘खाऊ नये’ लिहिलेला पत्रा
पलीकडच्या खुराड्यावर छप्पर म्हणून बसला होता,
अक्षरं खाली, कोंबड्यांकडे.

मी सायकल काढली.
वासावरून भाजी शोधणारा माणूस मी उरलो नाही,
बोटांनी शोधत गेलो.
पाथर्डी फाट्यावर मथुराबाई पवार,
पुढ्यात ओलं गोणपाट, त्यावर जुड्या,
केळीच्या सोपटाने बांधलेल्या.
घ्या दादा, गावठी आहे,
औषधाचा थेंब मारला नाही.
पान उलटं करून बघा,
किडा आहे का एक तरी?

नव्हता.
किडा शहाणा होता.

सगळ्या द्या, म्हटलं.
नऊ निघाल्या.
किती बांधल्या होत्या?
अकरा.
एक स्कूटरवालीने नेली, तोंडाला ओढणी होती,
आता कशी ओळखू?
आणि एक?
तिने पदर सारखा केला.
काल घरी केली, लसूण घालून.
नातवाला आवडली.

मी सांगितलं तिला. सगळं नाही सांगता आलं.
खोलीचं सांगितलं.
ती माझ्या नाकाकडे बघत होती,
मग नाल्याच्या दिशेने,
मग जुड्यांकडे, जशा त्या तिने बांधल्याच नव्हत्या.
पैसे तिने परत दिले नाहीत.
मीही मागितले नाहीत.

कॉलेजात आम्ही नऊ जुड्या वाळवल्या, जाळल्या.
मुशीत चिमूटभर राख.
मॅडमनी वहीत वजन लिहिलं,
दोन जुड्यांपुढे रेघ मारली.
मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या,
एका जुडीने काही होत नाही, लोखंडे.

मी मान हलवली.
टाकीवर पहिला दिवस होता तेव्हा
शिफ्टचा सुपरवायझरही असंच म्हणाला होता,
एका दिवसाने काही होत नाही.
चांगला माणूस होता.
जेवायला बसताना माझा डबा
वाफेपासून लांब ठेवायचा.

आज बाराव्या वाफ्यात
कापल्या बुडख्यांना बाजूने फुटवे आलेत,
नखाएवढे.
नाला हिरवट आहे, म्हणजे गुरुवार.
मी पत्रा परत आणून ठोकला,
अक्षरं बाहेर,
आणि मथुराबाईला वाचता येतं का
हे विचारायचं राहिलंच, हे आठवून
तिथेच उभा राहिलो, हातोडी हातात.