पाठमोरी

पहाटे साडेपाचला गंगेवर धुकं,
पाणवेलींचा कुजका-गोड वास,
पलीकडे कुणीतरी डबा विसळत असतं.
आम्ही दोघी नाव डोक्यावर घेऊन धक्का उतरतो,
मी आणि तेजल वाघचौरे.
नाव सत्तावीस किलोची,
तिच्यात बसणाऱ्या आम्ही मिळून एकशे चौदा.

मासिकवाले आले तेव्हा साडेअकरा वाजले होते.
पाण्यावर उजेड तुटतो, म्हणाले,
आणि धरणाच्या वाटेवरच्या एका द्राक्षमळ्यात
आम्हाला नेलं.
आम्हाला म्हणजे मला.
तेजलकडे त्यांनी एकदा पाहिलं, एकदा एकमेकांकडे.
नाव तर नाहीचे फोटोत, मग एकच मुलगी पुरे.

वल्हं त्यांनीच आणलेलं,
कुठल्याशा हॉटेलच्या भिंतीवरून उतरवलेलं,
वॉर्निशचं, पितळी पट्टीचं.
त्याला पाणी माहीत नव्हतं.
मी दोन वल्ह्यांनी चालवते हो, सांगायला गेले
तर मेकअपवाली म्हणाली, ओठ हलवू नका.

तळव्यांवरच्या घट्ट्यांना तिनं क्रीम लावलं,
वर पावडर, त्यावर आणखी काहीतरी,
शेवटी म्हणाली, हात मागे घेऊ या.
खांदे तिरके करा, रुंद दिसतायत.
(ते रुंद व्हावेत म्हणून तीन वर्षं
मटकी, अंडी, आणि सरांच्या शिव्या.)
हनुवटी खाली.
पुढे बघा.
अजून पुढे.

पुढे?
आमच्यात पुढे कुणी बघतच नाही.
आम्ही जातो ते पाठीनं.
दिसतं ते सगळं मागे पडलेलं :
सुटलेला धक्का, आपणच पाडलेले भोवरे,
आणि दिवस चांगला असला तर
दुसऱ्यांच्या नावेचं टोक.
हे मी बोलले नाही. ओठ रंगवलेले होते.

अंक आला. नाशिकची जलपरी, चित्रा निगुडकर.
मी निरगुडे.
फोटोत नाव नव्हती,
फोटोखालचं नाव माझं नव्हतं.
सात मिनिटं एकतीस सेकंद कुठेच नव्हते;
मी उन्हात काय लावते, ते होतं.

खोटं कशाला बोलू, मला आवडला तो फोटो.
दार लावून तीनदा बघितला.
माझ्या गालावर असा उजेड
आधी कधी पडलाच नव्हता.
आणि अंबडच्या एका पाइपवाल्यानं
तो कॅलेंडरवर छापून अकरा हजार दिले,
त्यातनं रिगरचे नट आले,
तेजलच्या पायांचे पट्टे आले,
जुने सुतळीनं बांधलेले होते.

आई पिंपळगावला पॅकहाउसमध्ये आहे.
मण्याला कडी लावून बघते, सोळाचा की अठराचा,
कात्रीच्या टोकानं घडातलं बारकं, डागी
अलगद काढून टाकते, घड हलूसुद्धा देत नाही.
तिनं हात पदराला पुसून अंक धरला.
खूप वेळ बघितला.
छाटणी चांगली केलीये, म्हणाली.
मग पान उलटून, मागे काही आहे का ते बघत :
काढलेले मणी कुठे टाकले गं?

तेजलला मी आठवडाभर दाखवला नाही.
तिनं माझ्या बॅगेतूनच काढला,
धक्क्यावर, ओल्या हातानं,
त्यामुळे जलपरीच्या गुडघ्यावर थेंब पडला.
ही कोण?
मी.
पाठ कर बघू.
मी केली.
चार वर्षं ती माझ्या मागच्या सीटवर बसते,
डाव्या पाख्याखालचा तीळ मला तिनं सांगितलेला,
मी दमल्याचं माझ्याआधी तिला कळतं.
हां, म्हणाली. ही ओळखीची आहे.

अंक तिनं दगडाखाली ठेवला, वाऱ्यानं उडू नये म्हणून.
नाव पाण्यात. पट्टे घट्ट.
पुलाखालून जाताना मागून आवाज आला :
उजवा खांदा उचल,
वाकडे जातोय आपण.