चौदा नंबरची वायर

टुसॉनच्या वाळवंटात विमानं गंजत नाहीत.
हवा इतकी कोरडी की गंजालाही घोटभर पाणी मिळू नये,
जमीन इतकी टणक की चाकं रुतत नाहीत.
म्हणून इथं आणून ठेवतात ओळीनं,
काचांवर, तोंडांवर पांढरा लेप फासून,
लोणच्याच्या बरणीला दादरा बांधावा तसं.

आज गिऱ्हाईक आलं.
कामाच्या कागदावर देशाचं नाव नाही, नुसता आकडा.
एक कर्नल, दोन इंजिनिअर
आणि एक मुलगी, जी बोलत नाही, सगळं टिपून घेते.
विमान तिच्याहून पंधरा वर्षांनी मोठं.
कर्नल त्याच्याभोवती फिरले
बैलबाजारात फिरावं तसे:
खूर पाहिले, पाठीवर थाप मारली,
शेपटीखाली वाकून टॉर्च मारला.
'तास किती उडालंय?'
वर्लीननं वही पुढे केली. चार हजार एकशे बारा.
'तडे?'
'दोन. दोन्ही बुजवलेत.'
आमच्याकडचा एकही दलाल
जनावराबद्दल इतकं खरं बोलला नसता.
मग सावलीत, रुमालाखाली बोटं दाबावीत
तितक्याच गुपचूप, काहीतरी ठरलं.
बारा विमानं.

माझ्याकडे येतात ती नंतर.
गोल काट्यांची घड्याळं उपटायची,
तिथं काचेचे पडदे बसवायचे,
नाकात नवा रडार.
डोळे नवे, मेंदू नवा,
हाडं तीच.
आणि मैलभर वायर, जिची कातडी
उन्हानं पापडासारखी तडकलेली.

सातव्या विमानात आसन काढलं, डावं झाकण उघडलं.
धूळ. एक वाळलेला कोळी.
आणि आतल्या हिरव्या रंगावर, ग्रीस पेन्सिलनं:
'१४ नंबरवर विश्वास ठेवू नका. आर. मे ८७.'

यबारा म्हणाला, 'माझ्याकडे बघू नकोस,
मी तेव्हा तिसरीत होतो.'

मीटर लावला. चौदा नंबर ठणठणीत.
वाकवून, पिळून, ताणून पुन्हा लावला.
ठणठणीत.
वही चाळली. मे सत्त्याऐंशीत
एक टायर बदललाय, बाकी काही नाही.
म्हणजे आर चुकला होता,
किंवा बरोबर होता आणि वायरीनं सूड म्हणून
इतकी वर्षं एकदाही दगा दिला नाही.
कुणाच्या तरी नवऱ्याला ती घेऊन गेली,
परत घेऊन आली,
समुद्रावरून, काळोखातून,
मागे एक ओळ तिची बदनामी करत बसलेली असताना.

वहीवाली मुलगी शिडीवर माझ्यामागे उभी होती.
पहिल्यांदाच बोलली.
'यानं याआधी कुणावर...'
आणि थांबली.
मी म्हटलं, 'वहीत तास लिहितात.
ते लिहीत नाहीत.'
तिनं तेही टिपून घेतलं.

नियम सांगतो, चांगली वाईट बघू नका, सगळ्या बदला.
कापली.
ग्रीस पेन्सिल मागून घेतली
आणि त्या ओळीखाली लिहिलं: 'बदलली.'
'काय लिहिलंस?' यबारा.
'पोच दिली.'
झाकण लावलं, चौदा स्क्रू फिरवले
(मोजले, हो, चौदाच निघाले).
कुठल्यातरी धावपट्टीवर, वीस वर्षांनी
कुणी ते उघडेल, आणि ही नक्षी कसली
म्हणून आपल्या मित्राला हाक मारेल.

मार्चमध्ये ती गेली, दोन-दोनच्या जोडीनं,
नवा राखाडी रंग, पंखांवरच्या खुणेवर
पोहोचेपर्यंत कागद चिकटवलेला.
मी अंगणात होते.
घरावरून गेली तेव्हा पत्र्याची बादली थरथरली,
शेजारच्या कुत्र्यानं आभाळाला शिव्या घातल्या.
टोमॅटोचं रोप यंदा फार वाढलंय,
काठीला बांधावं लागलं.
सुतळी नव्हती घरात.
चौदा नंबर
अजून तरी धरून आहे.